दुमडीतलं वजन

आत्या जेवायला येणार हे कळल्याबरोबर पडदेवाल्यांच्या घरातल्या सगळ्यांची पोटं एकदम भरली.

आजीचे दात दुखू लागले. बाबांना म्हणे दुपारीच एका गिऱ्हाइकाने इतकं खायला घातलं होतं की आता पाण्यालाही जागा नव्हती. आईचं पोट स्वयंपाक करता करता चव घेऊनच भरायचं. एवढ्याशा पातेल्यातून चव घेऊन पोट भरणारी बाई जगात ती एकटीच असेल. आणि बॉबिन डाएटवर होती. राहता राहिले आत्या आणि बटण, आणि नेमकं तेवढ्यांपुरतंच घरात होतं.

बॉबिन आणि बटण ही काही पाळण्यातली नावं नव्हेत. पण जन्मतः काडीसारखी दिसली म्हणून ती बॉबिन, आणि तिच्यामागून गोलमटोल आला म्हणून तो बटण, असं आजोबांनी ठरवून टाकलं होतं आणि शाळेतल्या बाईसुद्धा आता तेच म्हणायच्या. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. मोठमोठ्या हॉटेलांनी कापडी पडदे उतरवून खिडक्यांना तयार पट्ट्या लावल्या, तेव्हापासून दुकानातली यंत्रं गप्प होती आणि मागच्या खोलीत हे भरल्या पोटाचं नाटक सुरू झालं होतं. ते कुणी लिहिलेलं नव्हतं, कुणी बसवलेलं नव्हतं, तरी एकाचंही वाक्य कधी चुकत नसे. गंमत अशी की प्रत्येकाला वाटायचं, खोटं आपण एकटेच बोलतोय. बाकीचे खरोखरच जेवलेत.

"आई," बॉबिन स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आज वजनवाल्या बाई घरी येणार आहेत."

आईच्या हातातला कालथा भातातच उभा राहिला.

"कोण वजनवाल्या?"

"शाळेत वजन करतात ना, त्या नर्सबाई. म्हणाल्या, तुझ्या वजनाबद्दल घरच्यांशी बोलायचंय."

आईची पाचावर धारण बसली. सकाळी आत्याचा फोन आला होता, महिन्याभरात दुसऱ्यांदा, आणि ती आडपडदा न ठेवता बोलली होती. पडदेवाल्यांच्या घरात जन्मून तिने तेवढं एकच शिकायचं ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात तिने बॉबिनला पुन्हा रस्त्यात पाहिलं होतं. 'पोरगी वाळलीय. माझ्याकडे पाठवा दोनेक वर्षं. आज संध्याकाळी येते, काय ते ठरवून टाकू.' आत्याला मूलबाळ नव्हतं, आणि एका मोठ्या ऑफिसचं कॅन्टीन ती चालवत होती. तिच्याकडे पाठवायला नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? आमच्याकडे काही कमी नाही, एवढं एकच कारण होतं. आणि त्या नर्सबाई आत्याच्या समोर म्हणाल्या असत्या की पोरगी उपाशी आहे, तर तेही गेलं असतं. पोरगी गेली असती.

"पळवून लावू त्या बाईला," मागून आजी म्हणाली. "दारातच सांगू, मुलगी घरात नाही."

"आणि मुलगी समोरच उभी असली तर?"

"तर म्हणू, ही दुसरी."

आईला इतक्या काळजीतही हसू फुटलं. सासू आपल्या बाजूने बोलतेय हे पचायला मात्र वेळ लागला. लग्नानंतर आजवर या घरात मीठ किती घालायचं इथपासून यंत्र कुणी पुसायचं इथपर्यंत ज्या लढाया झाल्या, त्यांत आजी एकदाही सुनेच्या गोटात दिसली नव्हती. शिवाय येणारी आत्या म्हणजे आजीची सख्खी लेक.

"काय बघतेस?" आजी गुरगुरली. "लेक माझी आहे. म्हणून काय नात देऊन टाकू? कालथा हलव, भात लागेल."

आत्या आली ती हात हलवत. एके काळी ती यायची तर दोन्ही हातांत डबे असायचे. मग एकदा पाहुण्यांच्या देखत बाबा बोलून गेले, 'ताई, कॅन्टीनचं उरलंसुरलं आमच्या घरात आणून टाकत जाऊ नकोस.' त्या दिवसापासून बहीणभावात हवापाण्याच्या पलीकडे बोलणं उरलं नव्हतं. आताही बाबांनी विचारलं, "उकडतंय नाही?" आणि ती म्हणाली, "हो, फार." एवढ्यात संपलं.

पण तिचे कान काम करत होते. रोज शेकडो ताटं वाढणारी बाई ती. आतल्या पातेल्यात कालथा तळाला कधी लागला, तो भात वाढण्यासाठी लागला की मोकळा करून जास्त दाखवण्यासाठी, हे तिला बाहेर बसून कळत होतं. भात मोकळा करण्यात वहिनीने बराच वेळ लावला. अंडी फोडल्याचा आवाज तर आत्याने अक्षरशः मोजला, आणि पुढच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आलाच नाही. तिला भावाचा राग आला, वहिनीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, की एका वाक्यासाठी आपण इतके दिवस रुसून बसलो. घरी गेल्यावर कुणाशी बोलायचं म्हटलं तर तिच्याकडे फ्रिज होता.

"पोरीचं काय ठरवलंत?" तिने सरळ विचारलं.

"ठरवायचं काय त्यात?" बाबा म्हणाले. "मजेत आहे ती."

तेवढ्यात दारात नर्सबाई उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर गंभीर काळजी. आईने त्यांना आत कोपऱ्यात नेण्याचा प्रयत्न केला, आजीने मध्ये पडदाच ओढला, पण नर्सबाईंचा आवाज शाळेच्या मैदानावर तयार झालेला होता.

"स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या मुलीचं वजन..."

आईने डोळे मिटले.

"...फार वाढलंय."

आईने एक डोळा उघडला.

"गेल्या खेपेपेक्षा इतकं, की मला काळजी वाटायला लागली. तुम्ही तिला खायला घालता तरी काय?"

खोलीत सुई पडली असती तरी ऐकू आली असती, आणि त्या घरात सुया नेहमीच पडत असत. मग आईच्या अंगावर एकदम मूठभर मांस चढलं. तिला कुणीतरी विचारत होतं, तुम्ही मुलीला इतकं काय खायला घालता! तिला ते वाक्य पुन्हा ऐकावंसं वाटलं.

"काय म्हणालात?" तिने विचारलं. "जरा मोठ्याने म्हणा. वन्सं तिकडे बसल्यात."

"जास्त खायला घालताय तुम्ही तिला!"

"हो का हो?" आई लाजून म्हणाली. "हात आवरत नाही बघा माझा."

"सांगून थकले मी हिला," आजी पुढे सरसावली. "लोणी काय, साय काय, विचारू नका. पोरगी नको म्हणते आणि ही कोंबते!"

बाबांनी तर छाती अशी काढली, जणू ते वजन त्यांनीच शिवून दिलं होतं. आत्या तेवढी बसल्या जागेवरून बॉबिनकडे बघत होती.

"कुठे आहे वजन?" ती म्हणाली. "माझी पर्स हिच्यापेक्षा अंगाने बरी आहे."

"आकडा खोटं बोलत नाही," नर्सबाई म्हणाल्या, आणि हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणून त्यांनी पिशवीतून चपटा वजनकाटा काढून जमिनीवर ठेवला. "ये गं. उभी राहा."

"थांबा," बॉबिन म्हणाली. "मी शाळेचा फ्रॉक घालून येते."

"अगं, हाच असू दे की."

"नको. वजन शाळेच्या फ्रॉकवरच करतात," असं म्हणून ती आत पळालीसुद्धा. ती तेवढ्यात शिस्तीची कशी झाली, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. फ्रॉकही हल्ली ती स्वतःच धुवायची. आईला वाटायचं, पोर शहाणी झाली.

ती आली, काट्यावर उभी राहिली, आणि काटा पळाला. नर्सबाईंनी मान डोलावली. आजीने टाळी वाजवली.

"काटा बिघडलाय," आत्या म्हणाली.

"तुम्ही उभ्या राहून बघा मग."

आत्या उठली, काट्यावर चढली, खाली वाकून बघितलं आणि ताठ झाली. "म्हटलं ना, बिघडलाय!"

मग काय, घरात जत्रा भरली. बटण चढला, त्याने काट्यावर उड्या मारल्या आणि दर उडीला नवा आकडा ओरडून सांगितला. आजी आत्याचा हात धरून चढली आणि दोघींचं मिळून वजन आलं, त्यावरून कुणाच्या वाट्याला किती याचा वाद लागला. "बाबा, तुम्ही!" असं बटण ओरडला तेव्हा बाबा मात्र मागे सरकले. "मला नको. मी आत्ताच जेवलोय, जास्त दाखवेल." आईने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या पट्ट्याला नवीन भोक होतं, आणि ते पट्टा आणखी आवळण्यासाठी पाडलेलं होतं. ते तिला आजच दिसलं.

पण विचार करायला सवड कुठे होती? आजीने आनंदाच्या भरात बॉबिनचे दोन्ही हात धरले आणि तिला खोलीभर गरगर फिरवलं. फ्रॉकचा घेर फुलला. तो हवेत तरंगला नाही, ताठ सरळ उभा राहिला. मग बॉबिन थांबली, घेर खाली आला आणि लोखंडी स्टुलाच्या पायावर आपटला.

खळ्ळ्.

बाबांनी तो आवाज झोपेतही ओळखला असता. पडदा नीट पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाची साखळी घालतात, आणि तसा पडदा भिंतीला लागला की असा आवाज येतो. महिनाभर दुकानातल्या खणातून साखळी गायब होत होती, आणि ते उंदरांवर आळ घेत होते. शिसं खाणारे उंदीर! त्यांना जोराचा खोकला आला. त्याच क्षणी आईच्या हातून पळी पडली. त्याच क्षणी आजी ओरडली, "अगंबाई, माझा दात!" तिघांनी एकदम आवाज केला आणि तिघांनाही वाटलं, वाचवलं आपण.

आत्याने काहीच आवाज केला नाही. तीही याच घरात जन्मली होती. याच यंत्राखाली ती रांगली होती आणि साखळीचे तुकडे तिची पहिली खेळणी होती. एक वाक्य बोललं की पोरगी आपली, हे तिला कळलं. ती तोंड उघडणार, एवढ्यात नर्सबाईच बोलल्या.

"तर असं करा. रात्रीचं जेवण हलकं. गोड बंद. ताटात दुसऱ्यांदा वाढायचं नाही."

बॉबिनचा चेहरा उजळला. महिनाभरात कुणी तिच्या बाजूचं बोललं असेल तर ते आत्ता.

"पण मी तर आधीच डाएटवर आहे, बाई!" ती भराभर सांगू लागली. "रात्री मी जेवतच नाही. सकाळचंही कधीकधी सोडते. पाणी प्यायचं, मग पोट ओरडत नाही. वर्गातल्या मुली मला विचारतात, तुला कसं जमतं. मी त्यांना शिकवलंसुद्धा. हे बघा, माझी बोटं दंडाला पूर्ण पुरतात. पूर्वी नाही पुरायची." आणि तिने आपला दंड अंगठा आणि मधल्या बोटात धरून सगळ्यांना दाखवला. तिला खरोखरच अभिमान वाटत होता.

"मग वजन वाढतं कसं?" नर्सबाई गोंधळल्या.

बॉबिनने दंड सोडला. पहिल्यांदा डाएट म्हणाली तेव्हा ते खोटं होतं, बटणच्या ताटात थोडं जास्त पडावं म्हणून. पण नंतर नंतर रिकामं पोट तिला आवडायला लागलं होतं. घरात सगळं हातातून सुटत चाललंय, हे एक तेवढं आपल्या मुठीत आहे, असं वाटायचं. ज्या दिवशी बाबांना काम मिळायचं आणि घरात भरपूर यायचं, त्या दिवशी मात्र ती आणि बटण इतकं खायचे की रात्री पोट धरून बसायचे, आणि मग तिला स्वतःची किळस यायची. हे सगळं सांगायचं कुणाला? आणि वजन उतरलेलं कळलं की आत्याकडे जायचं, हे तिने फोनवर ऐकलं होतं. एकदा नाही, दोनदा.

आई त्या बोटांकडे बघत होती. बोटं पुरून वर उरत होती. मघाशी चढलेलं मूठभर मांस उतरलं. दोन रस्ते होते. गप्प राहायचं, मग अब्रूही राहते आणि पोरगीही राहते, हडकुळी आणि डाएटवर. नाहीतर बोलायचं.

"बॉबिन, इकडे ये," ती म्हणाली, आणि तिने भिंतीवरची छोटी कात्री काढली.

"आई, नको ना."

"ये."

आई खाली बसली, फ्रॉकची दुमड मांडीवर घेतली आणि उसवायला लागली. पहिला टाका सापडेचना. बाबा वाकले, मग गुडघ्यावर बसले.

"टाका बघ कसा घातलाय," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "बाहेरून एक दिसत नाही!"

"माझी शिकवण आहे," आजी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे कळून तिने जीभ चावली.

दुमड उसवली आणि साखळी बाहेर येऊ लागली. येतच राहिली. नर्सबाईंनी काट्याला हात लावायच्या ऐवजी कपाळाला लावला.

"अगं, एवढी?" बाबा म्हणाले. "थोडी घातली असतीस तर कुणाला कळलंही नसतं!"

"फ्रॉकला अस्तर आहे ना," बॉबिन रडवेल्या आवाजात म्हणाली. "अस्तराच्या पडद्याला साखळी दुप्पट, असं तुम्हीच सांगता. नाहीतर नीट पडत नाही."

आधी आजी हसली. मग बाबा. मग नर्सबाई तोंडाला रुमाल लावून स्टुलावर बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. कारागिराच्या पोरीने चोरी केली तीही नियमाप्रमाणे! आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती, आणि बटणने साखळी गळ्यात घालून घेतली होती. हसणं ओसरायला लागलं तेव्हा मध्ये उभ्या बॉबिनचा आवाज आला.

"आता मला पाठवणार?"



"माझे दात दुखत नाहीत," आजी एकदम म्हणाली. "दुखायला आहेत किती?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तू जेवत नव्हतीस?"

"तू जेवत होतास ना गिऱ्हाइकाकडे!"

"कुठलं गिऱ्हाईक, आई? गिऱ्हाईक असतं तर हे झालं असतं का?"

मग दोघांनी आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्ही सगळे तरी खाऊन येता," ती म्हणाली.

नर्सबाईंनी डोळे पुसले आणि त्यांचा मैदानी आवाज जरा खाली आला. "शाळेत दुपारी जेवण मिळतं. मागेल त्याला. मला कुणी विचारलंच नाही. आणि बॉबिन, मी मघाशी जे कमी खा म्हटलं, ते सगळं परत घेते. उद्यापासून जेवायला माझ्याबरोबर बसायचं. ती पाणी पिऊन पोट गप्प करायची सवय आपण दोघी मिळून हळूहळू सोडवू."

आत्या उठून वहिनीसमोर येऊन बसली. "वहिनी, दे पोरगी मला. हट्ट करू नकोस. माझ्याकडे रोज एवढं शिजतं, आणि घरात बोलायला कुणी नाही."

"नाही," आई म्हणाली.

"अगं, पण खायला काय घालशील?"

आईने कात्री बाजूला ठेवली. "मला लाज वाटत होती, वन्सं, म्हणून माझी पोरगी उपाशी राहिली. आता लाज सोडते. पोरगी नाही सोडत." तिने सरळ आत्याकडे बघितलं. "आम्हाला जेवायला घाला. सगळ्यांना."

या घरात असं वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आत्याने भावाकडे बघितलं. "उरलंसुरलं चालेल?"

बाबांचे कान लाल झाले. "ताई," ते म्हणाले, "उरलंसुरलं असेल तर आधी मला वाढ. मी फार भुकेला आहे गं."

आत्या ढसाढसा रडली, आणि रडता रडताच पर्समधून गाडीची किल्ली काढून त्यांच्या अंगावर फेकली. "गाडीत डबे आहेत. मूर्खा, दर वेळी घेऊन येते आणि दर वेळी परत नेते!"

पुढचा गोंधळ काय वर्णावा! डबे आले, एकावर एक, अजून गरम. बटण दोन्ही हातांनी खायला लागला तेव्हा नर्सबाईंनी त्याला मांडीवर घेऊन "पळत नाहीये ते, सावकाश" म्हणत घास भरवले, आणि मध्येच एक स्वतःही खाल्ला. आजीने नसलेल्या दातांनी सगळ्यांना मागे टाकलं. पोरगी मिळत नाही म्हटल्यावर आत्याने जाहीर केलं की उद्यापासून आपणच रोज येणार, आणि मीठ किती घालायचं यावर वहिनीशी पहिली लढाई तिथल्या तिथे सुरू केली. आजी ताबडतोब लेकीच्या गोटात गेली.

बॉबिन मात्र ताटासमोर हात मांडीत ठेवून बसली होती. फ्रॉकची उसवलेली दुमड पायांशी लोंबत होती. आईने तिला काही म्हटलं नाही. ती नुसती जवळ सरकली.

"मी जायचं नाही ना?" बॉबिनने हळूच विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. कुठेही नाही."

बॉबिनने भाताकडे बघितलं. मग दंडाकडे. "आणि मग मी जाड झाले तर?"

आईने तिला उचलून मांडीवर घेतलं. या वयाची मुलगी अशी एका हाताने उचलता येऊ नये, हे तिला त्याच वेळी कळलं.

"हो," ती तिच्या कानात म्हणाली. "मला उचलवणार नाही इतकी हो."

बॉबिनने ताट जवळ ओढलं. मग तिने एक घास घेतला आणि तो सावकाश चावत राहिली. आई तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. तिचं स्वतःचं ताट तसंच पडून होतं, म्हणून बॉबिनने दुसरा घास आईच्या तोंडासमोर धरला.

"चव घेतली असं नाही म्हणायचं," ती म्हणाली. "जेव."